सायकलच्या पेटीवरचं कुंकू

आमचं गाव मुकुटबनच्या अलीकडं. ते जागचं कधी हललं नाही, पण राज्य मात्र आमच्या डोक्यावरून दोनदा बदललं. पहिल्या मतदानाला आम्ही नागपूरचे होतो, सत्तावन्नला मुंबईचे झालो आणि बासष्टला म्हणे महाराष्ट्राचे. मतदारसंघ कोणता विचारलं तर कोणी वणी सांगे, कोणी केळापूर. मी चौथी पास, तरी मलाही धड सांगता यायचं नाही. "मुंबईले आपून मानूस कायले पाठवाचा? थितं आपलं कोन हाये?" असं सासू विचारायची आणि मी तिच्यावरच खेकसायची, "मले काय माहीत, आत्याबाई!"

सत्तावन्नला सासूचा धाकटा भाऊच उभा राहिला. आम्ही त्याला मामा म्हणायचो. पांढरकवड्याला त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून निशाणीही त्यानं सायकलच मागून घेतली. समोर मोठे पाटील, छत्रीवाले. मामा निवडून येईल असं कोणालाच वाटत नव्हतं, त्यालाही नाही. तो सासूला एवढंच म्हणाला, "बाई, पडलो तं पडलो. पन तुह्या हातचं एक मत मले पायजे." आई गेल्यावर सासूनंच त्याला वाढवलेला. तिनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुले नाई देईन तं कोनाले देईन रे, येड्या?"

त्याच्या चार-पाच महिने आधी, दसऱ्याला, आम्ही घरचे सगळे नागपूरला जाऊन बौद्ध झालो होतो. परत आल्यावर सासूनं देव्हाऱ्यातले देव टोपल्यात भरले आणि नदीत सोडले. यापुढं कोणत्याही देवाला काही वाहायचं नाही, हात जोडायचे नाहीत, अशी शपथ होती. आणि ती तिनं अशी धरली की बस! शेंदूर फासलेला दगड दिसला तरी ती वाट बदलायची. मी मात्र घोटाळ्यात. शपथ मीही घेतली होती, अगदी मनापासून. पण दिवा लागला की हात आपोआप जुळायचे, मग मीच ते झटकायची. कपाळावरचं कुंकू तर नवरा आहे म्हणून राहिलंच होतं.

मतदान शाळेत होतं. तेव्हा शिक्का मारायची पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याची निशाणी चिकटवलेली. पडद्याआड एकट्यानं जायचं आणि आपल्या माणसाच्या पेटीत कागद टाकायचा. रांगेत मी पुढं होते, सासू माझ्या मागं.

आत गेले. सायकलची पेटी दिसली आणि माझा ऊर भरूनच आला. नवीकोरी लोखंडी पेटी, अन् तिच्यात आमचा मामा! कागद टाकला. पुढचं कसं झालं ते आजही मला उमगत नाही. बोटं कपाळाला लागली आणि तीच बोटं पेटीवर ओढली गेली. लग्न होऊन आले तेव्हा सासूनंच शिकवलं होतं, घरात नवी वस्तू आली की आधी कुंकू लाव, मग वापर. नवी तिफण असो की नवा घडा. चार वर्षं तेच करत आलेले. शपथ आठवायच्या आत हात चालून गेला. घाबरून मी तशीच बाहेर पळाले आणि चिंचेखाली जाऊन उभी राहिले.

सासूला आत फार वेळ लागला. मतदान घेणाऱ्या साहेबानं दोनदा हाक मारली, "बाई, आटपा लवकर!" ती आली तेव्हा चेहरा पांढराफटक. घरी आल्याआल्या तिनं चूल पेटवली. चुलीत काड्या सारताना मग बोलली.

"भावाच्या पेटीले कोनंतरी कुंकू लावलं होतं. देव करून ठेवला तिचा."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय? थ्यात कागद टाकला असता तं देवाले वाहिल्यावानीच झालं असतं. शपथ हाये."

"मंग पुसून टाकाचं होतं ना, माय!" मी ओरडलेच.

"तुहा सासरा गेला तवा माहं सोताचं एकडाव पुसलं," ती म्हणाली, "आता भावाचंबी माह्याच हातानं पुसू?"

कागद बाहेर आणता येत नव्हता आणि साहेब ओरडत होता. तिनं तो शेजारच्या पेटीत टाकला. शेजारची पेटी छत्रीची होती.

संध्याकाळी मामा सायकलवरून आला, घामानं निथळत. "टाकलं ना, बाई?" सासू म्हणाली, "टाकलं." तो खूश होऊन दोन भाकरी जास्त जेवला. मला तिथंच सगळं ओकून टाकावंसं वाटत होतं, पण जीभ उचलली नाही. शपथ मोडली मी, ती पाळली सासूनं, आणि मत गेलं पाटलाला. यात चुकलं नेमकं कोण, आणि कुठं? किती वर्षं डोकं पिकवलं, काही उलगडा झाला नाही. मामा पडला. पुन्हा उभं राहायचं म्हणायचा, पण बासष्टच्या आधीच तापानं गेला.

बासष्टला पद्धत बदललेली. आता पेटी एकच, कागदावर सगळ्यांची चित्रं आणि शिक्का आपण मारायचा. रांगेत उभ्याउभ्या मी सासूला समजावत होते. ती हूं हूं करत होती. आमची पाळी आली तशी सवयीनं मी पुढं सरकले. सासूनं माझा दंड धरला.

"तू मांगं राय."

"काहून, आत्याबाई?"

तिनं माझ्या कपाळाकडं पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"तवाच मांगं ठेवाले पायजे होतं तुले. बाहीर आलो तवा तुहं कुंकू फिसकटलेलं होतं, पोरी."

आणि कागद घ्यायला ती पुढं गेली.