रक्त नेलं, रिपोर्ट राहिले

विद्यापीठातल्या लोकांनी आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीतून सिकलसेल हा रक्ताचा आजार तपासायला घरोघरी रक्त नेलं, आणि रिपोर्टचा पत्ताच नाही. तेव्हा मी देवापुढे बोलले, "रिपोर्ट येईस्तोवर चहा सोडला!" दीड वर्ष सोडला. तेवढ्यात इतके किस्से साठले, की कोणता आधी सांगू?

आमचे हे म्हणायचे, "तू चहा सोडल्यानं विद्यापीठाले काय फरक पडते वं?"

"त्यायले नाही, देवाले पडते!"

*

रक्त न्यायला आलेली पल्लवी विद्यापीठातलीच विद्यार्थिनी. लेकीसारखी पोर पहिल्यांदा घरी आली म्हणून समोरची कुसुम तिची ओटी भरायला लागली, तर ती मागे सरकली. "काकू, संशोधनासाठी ज्यांचं रक्त घेतो त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही, असा नियम आहे."

कुसुमनं तांदळाची ओंजळ तशीच धरली. "रक्त चालते, तांदूळ काहून नाही चालत?"

*

पल्लवीच्या सरांनी बायकांची मीटिंग ठेवली, सकाळी अकराला! त्या वेळी अर्धी गल्ली दुसऱ्यांच्या घरी भांडी घासत असते. गेलो आम्ही तिघी. सरांनी लिहिलं, 'महिलांमध्ये उत्साह कमी.'

कुसुम म्हणाली, "सर, मीटिंग आमच्या मालकिणीच्या मोरीत ठेवा. सगळ्या भेटतीन, उत्साहात!"

सर हसले नाहीत. पण वाक्य खोडलं, आणि पुढची मीटिंग रविवारी दुपारी लागली.

*

रिपोर्ट आले तेव्हा कुसुमच्या लेकीला, वैशालीला, जाऊन दोन महिने झाले होते. सतरा वर्षांची पोर. हातपाय दुखायचे तिचे, आम्ही वाढीचं दुखणं समजत होतो; रिपोर्टात सिकलसेल निघाला.

पल्लवी कागद घेऊन उंबऱ्यावरच बसली. "काकू, आम्ही उशीर केला."

कुसुमनं तिला पाणी दिलं. "केला. आता दर महिन्याले येत जा. बाकीच्यायच्या पोरी हायेत."

त्या दिवशी मी चहा केला. कोणालाच गेला नाही.

*

येते ती. डिग्री मिळाली तरी पहिल्या रविवारी येते, सरही येतात. आजार निघालेल्यांच्या यादीतलं एकेक नाव वाचते; कोणाच्या गोळ्या संपल्या, कोणाला त्रास झाला, लिहून घेते. पहिल्या खेपेला तिनं एक नाव हळूच गाळलं.

मागून कुसुम म्हणाली, "वैशालीचं काहून नाही घेतलं?"

पल्लवीनं बोट परत त्या नावावर नेलं.

"वाच तू. हजर मी म्हणीन."

तेव्हापासून दर महिन्याला ती वाचते, आणि ही म्हणते.

तुमच्याकडेही अशी यादी वाचत असतील, तर हात जोडून सांगते, कोणाचं नाव गाळू देऊ नका.