डावा पाय क्लबचा, उजवा शाळेचा

प्रिया कोळी दहावीत जाईपर्यंत कधी खोटं बोलली नव्हती. गरजच पडली नव्हती. तिला विचारण्यासारखं कुणाला काही नसायचं.

कफ परेडच्या मच्छीमार नगरात तिचं घर. बाप धर्मा बोटीवर, आई सोनूबाई गिरगावच्या मच्छीबाजारात पाटी लावायची. पोरगी अंगाने किडकिडीत, बोलायला कमी. पण फुटबॉलच्या मैदानात डाव्या बाजूने बॉल घेऊन सुटली, की समोरच्या मुली थोडं धावून थांबत आणि आपल्या कोचकडे बघत, आता काय करू म्हणून. अशी मुलगी फार दिवस एकाच टीमची राहत नाही. गिरगावातल्या शाळेत ॲन्टोनेट मिसनी तिला आठवीतच टीममध्ये घेतलं. वर्षभराने परळच्या एका क्लबच्या रॉयस्टन सरांनी तिला कुठल्याशा मॅचमध्ये पाहिलं आणि बोलावून घेतलं.

नववी कशीबशी निभावली. दहावीच्या पावसाळ्यात मात्र शाळेच्या स्पर्धा आणि क्लबची लीग एकाच वेळी सुरू झाली.

"शाळेचा सीझन संपेपर्यंत क्लब बंद," मिस म्हणाल्या. "वाढत्या वयात गुडघे असे झिजवलेस तर विशीत काठी घ्यावी लागेल."

"हो मिस."

"लीग चालू असताना शाळेच्या मॅचेस नाहीत," सर म्हणाले. "त्या मैदानांत गवत कमी, दगड जास्त. पाय मोडून घेशील."

"हो सर."

दोन्ही वेळा ती अगदी मनापासून हो म्हणाली. तिला दोन्ही पटलं होतं. फक्त दोन्हींपैकी काही करायचं नव्हतं.

इथे इरावती कामाला आली. इरावती फणसवाडीत राहायची, शाळेची गोलकीपर, आणि थापा मारण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. गोलमध्ये उभं राहून तिला विचार करायला भरपूर वेळ मिळे. तिने प्रियाला पहिली थाप तयार करून दिली: घरी बोंबील वाळत घातलेत, राखणीला बसायचंय.

मिसनी वर पाहिलं. आभाळ गच्च भरलं होतं. "या हवेत बोंबील?"

"म्हणून तर राखण, मिस. पावसाची सर आली की उचलायला कुणीतरी नको?"

यात नेमकं काय चुकतंय ते मिसना सांगता येईना. प्रिया परळला गेली.

सरांसाठी चुलतबहिणीचा साखरपुडा होता. तो एकदा झाला, पुन्हा झाला, आणि तिसऱ्यांदा ठरला तेव्हा सरांनी विचारलं, "आधीचे मोडले काय गं?"

"माणसं बरी नव्हती, सर."

"देवाने वाचवलं पोरीला," असं म्हणून सरांनी तिला सोडलं.

गणपती झाले, साखरपुडे संपले. मग इरावती म्हणाली, आता दुखापत काढ. दुखणं कुणाला दिसत नाही, त्यामुळे खोटं आहे असंही कुणी म्हणू शकत नाही. मात्र दोन्हीकडे एकच पाय सांगू नकोस, एकाच पायाचं सारखं नाव घेतलं तर तो खरंच दुखायला लागेल. प्रियाला हे शहाणपणाचं वाटलं. तिने शाळेत उजवा घोटा सांगितला आणि क्लबमध्ये डावा. कुठल्या मैदानावर कुठल्या पायाने लंगडायचं एवढं लक्षात ठेवलं की झालं.

एका रविवारी परळचं मैदान कुणाच्या तरी कार्यक्रमाला दिलेलं होतं, म्हणून क्लबची प्रॅक्टिस नव्हती. सोनूबाईने पोरीला आयतीच धरली आणि बाजारात मदतीला बसवली. प्रिया कोलंबी सोलत होती, तेवढ्यात गर्दीतून ॲन्टोनेट मिस येताना दिसल्या, चर्चमधली मिसा आटोपून परतणाऱ्या, फुलाफुलांच्या ड्रेसमध्ये. तिने घाईने उजवा पाय लांब करून ठेवला. मग मिसच्या मागे रॉयस्टन सर दिसले, हातात पिशवी घेतलेले.

सर मिसची पिशवी का धरतायत, हे तिला कळेना.

"ॲन्टो, सुरमई बघू की पापलेट?" सर म्हणाले.

तेव्हा तिला कळलं. ती चटकन वळली आणि बर्फाच्या पेटीत तोंड घालून काहीतरी शोधायला लागली.

तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. शाळेत मिस होत्या, क्लबात सर होते. ते संध्याकाळी एकाच घरी जातात असा विचार कोण करतं? आणि त्या दोघांनी लग्न झाल्यावर एक नियम केला होता, हे तर तिला फार नंतर कळलं. घरात फुटबॉलचा विषय काढायचा नाही. पहिल्या वर्षी ऑफसाइडवरून झालेल्या भांडणात एक सूपचं भांडं गेलं होतं म्हणे. त्यामुळे एका घरात राहून दोघं आपापल्या लेफ्ट विंगरबद्दल गप्प होती.

"ऊठ गो, माझी रविवारची गिऱ्हाइकं आलीत," सोनूबाई म्हणाली. मग त्या दोघांकडे वळून कौतुकाने, "ही माझी पोर. फुटबॉल खेळते बरं का."

"माहीत आहे," दोघं एकदम म्हणाले.

मग त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुला कशी माहीत?" मिसनी विचारलं.

"माझी लेफ्ट विंगर आहे ती."

"तुझी?" मिस हळूच म्हणाल्या. मग पेटीकडे वाकून, "प्रिया, उजवा घोटा कसा आहे?"

"डावा," सर म्हणाले.

"उजवा, रॉय. मी स्वतः क्रेप बँडेज दिलंय."

"मीपण दिलंय."

प्रियाने पेटीतून डोकं वर काढलं. नाक गार पडलं होतं. दोन्ही पाय दुखतात असं सांगावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. तेवढ्यात सोनूबाईने वाकून पोरीचे पाय पाहिले आणि म्हणाली, "सकाळी बसमागे धावली ही. तेव्हा तर दोन्ही पाय चालू होते."

सरांनी समोरचं पापलेट उचललं आणि घासाघीस न करता घेतलं. तेव्हा सोनूबाईला कळलं, की पोरीने काहीतरी मोठं केलंय.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मिसनी तिला मैदानाच्या पायरीवर बसवलं. सरही आले होते. प्रियाने घरून निघतानाच ओरडा खायची तयारी केली होती. पण मिसनी फक्त विचारलं, आठवड्यात मोकळा दिवस कोणता? प्रिया आठवायला लागली. आठवेना. मिसनी तिचा मोजा खाली सारला आणि नडगीवर अंगठा दाबला. प्रियाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कधीपासून?"

"घोट्याचं सांगितलं, त्याच्या पुढच्या आठवड्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"पाय दुखतो हे कारण वापरून झालं होतं, मिस."

सर तोंड फिरवून खोकले. मिसनाही हसू आवरत नव्हतं, पण त्या रागावूनच म्हणाल्या, "आता दोन्हीकडे सुट्टी. नडगी बरी होईपर्यंत बॉलला पाय लावायचा नाही."

एकटीला फसवणं सोपं होतं, एकट्याला त्याहून सोपं. पण ते दोघं एक झाल्यावर प्रियाची सोय उरली नाही. इरावतीला विचारलं, तर तिनेही हात वर केले. प्रिया शाळेच्या प्रॅक्टिसला बाहेर बसली, क्लबच्या प्रॅक्टिसला बाहेर बसली, आणि घरी खरोखर बोंबलांच्या राखणीला बसायला लागली. धर्माला वाटलं पोरीला उपरती झाली.

नडगी बरी झाल्यावर नवीन नियम आला. एका दिवशी एकच खेळ, रविवारी काहीच नाही. आणि दोन मॅचेस एका दिवशी आल्या, तर तिने स्वतः ठरवायचं आणि ज्याला नाही म्हणायचं त्याच्या समोर जाऊन म्हणायचं. हा शेवटचा भाग मिसचा. प्रियाला वाटलं, यापेक्षा मार परवडला असता.

तसा दिवस लवकरच आला. शाळेची क्वार्टर फायनल आणि लालबागच्या टीमविरुद्धची लीग मॅच, एकाच दुपारी. प्रियाने खूप विचार केला. लीगची मॅच वरच्या दर्जाची होती. तिथे निवड समितीची माणसं येतात म्हणत. पण मार्चनंतर शाळेची टीम राहणारच नव्हती. कुणी कॉमर्सला, कुणी सायन्सला, इरावतीचं घर तर विरारला जायचं घाटत होतं. ती परळला गेली आणि सरांसमोर उभी राहिली.

"सर, शनिवारी मी येणार नाही."

"साखरपुडा?"

"नाही सर. शाळेची मॅच."

"ठीक आहे. मग पुढच्या मॅचला बेंच. नियम सगळ्यांना सारखा."

"हो सर." हे हो मात्र तिला खरंच पाळावं लागणार होतं.

शाळा हरली. एका गोलने. प्रियाचा एक शॉट खांबाला लागून परत आला, आणि शेवटी इरावती गोलमध्येच मांडी घालून बसली ती उठेना. सगळ्या रडल्या, मग कुणीतरी वडापाव आणले, तेव्हा सगळ्या एकमेकींच्या लाल नाकांना हसल्या. रात्री क्लबच्या ग्रुपवर मेसेज आला: लालबागला तीन गोलांनी हरवलं. तिच्याशिवाय. शाळेच्या हरण्यापेक्षा हे तिला जास्त लागलं, आणि लागलं याची लाजही वाटली.

पुढच्या मॅचला ती बेंचवर बसली. तिच्या जागी आरोही नावाची अँटॉप हिलची मुलगी खेळत होती, आणि चांगली खेळत होती. आधी प्रियाने तिच्या चुका शोधल्या. त्या मिळेनात, तेव्हा उभी राहून ओरडायला लागली, "आरोही, आत घे, आत!" आरोहीने आत घेतला आणि गोल झाला. सरांनी बेंचकडे पाहिलं. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा ते म्हणाले, "जा. पण डावी बाजू भरलीय. उजवीकडे खेळ."

उजवीकडे तिला सगळंच उलटं वाटलं. पहिला बॉल थेट बाहेर गेला, दुसरा समोरच्या मुलीला मिळाला. तिसरा मात्र तिने पायाखाली दाबून धरला, मान वर केली आणि पलीकडे मोकळ्या धावणाऱ्या आरोहीला शोधून पास दिला.