ड्रोनला कपाळ नसतं

ड्रोन उडवायचं शिकायला पोलीस खात्यानं मला महिनाभर पुण्याला धाडलं होतं. तिथले प्रशिक्षक रोज बजावायचे, "या शिक्षणावर सरकारचे लाखो रुपये चाललेत. कॅमेऱ्याच्या काचेला बोटसुद्धा लावायचं नाही."

दसऱ्याला आमच्या ठाण्यात शस्त्रपूजा झाली, तेव्हा बंदुकांशेजारी ड्रोनही मांडला. निवृत्तीला आलेल्या, शिरूर कासारकडच्या हवालदारकाकांनी कुंकू नेमकं काचेवरच लावलं. मी भडकलेच.

"काका, तिथं कावून लावलं?"

"मग कुठं लावू? कपाळच न्हाई त्याला."

मी रुमालानं पुसलं, तर ते आणखीच पसरलं. संध्याकाळी मिरवणुकीवर ड्रोन सोडला, तर पडद्यावर अख्खं गाव लालभडक.

साहेब म्हणाले, "एवढ्या खर्चाचं शिकून आलात, कुंकू पुसायचं नाही शिकवलं?"

खरंच नव्हतं शिकवलं.