फोटोला जुळणारा चेहरा

तेसिकला लोक 'दमलात का?' असं विचारायला लागले तेव्हा तो पंचेचाळिशीचा होता आणि अजिबात दमलेला नव्हता. बॉयलर बनवणाऱ्या एका कंपनीत दुरुस्तीचा विभाग सांभाळत होता, रविवारी डोंगर चढत होता, दोन वाडगे भात सहज जिरवत होता. फक्त डोळ्यांखाली दोन पिशव्या लोंबायला लागल्या होत्या. त्याच्या वडिलांनाही त्या होत्या. घराण्याचं दुसरं काही त्याच्या वाट्याला आलं नाही, हे तेवढं चोख आलं. न्हावी विचारायचा, लिफ्टमधल्या शेजारणी विचारायच्या, हाताखालची पोरं विचारायची, आणि तेसिकचं उत्तर ठरलेलं असायचं: "नाही हो, चेहराच असा आहे." अकरा वर्षं त्याने हे एकच उत्तर दिलं.

खरा दमला तो चोपन्नाव्या वर्षी. कंपनीने त्याच्यापुढे स्वेच्छानिवृत्तीचा कागद ठेवला. इच्छा नेमकी कोणाची, हे अशा वेळी विचारायची पद्धत नाही, म्हणून त्यानेही विचारलं नाही आणि सत्तावीस वर्षांच्या नोकरीवर सही करून घरी आला. पुढची दोन वर्षं अर्ज करण्यात गेली. बायको मीरान शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, तिच्यावर घर चाललं. गावी येचॉनला आई होती, पोंगनिम, त्र्याऐंशी वर्षांची. तिला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. सणाला गावी जाताना तेसिक कपाटातून कंपनीचं जाकीट काढून अंगात घालायचा, आणि आई गावच्या चावडीवर बसून आपला मुलगा सोलमध्ये केवढ्या मोठ्या विभागाचा प्रमुख आहे ते इतर म्हाताऱ्यांना ऐकवायची. त्या जाकिटाची चेन बिघडली तेव्हा त्याने स्वतः ती दुरुस्त करून घेतली.

आमच्याकडे कोरियात नोकरीच्या अर्जावर फोटो लागतो. तो काढायला स्टुडिओत जायचं, आणि स्टुडिओवाला तो कॉम्प्युटरवर जरा 'नीट' करून देतो. सगळेच करून घेतात, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. घराजवळच्या सुयू बाजारातल्या फोटोवाल्याने दोन मिनिटांत तेसिकच्या पिशव्या पुसून टाकल्या, गालांवरचे डाग उडवले, वर कौतुकाने म्हणाला की साहेब, तुम्ही मुळात देखणेच आहात. तेसिक खूश होऊन घरी आला. आपण स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतली आहे हे त्याला पुढे कळलं.

कारण मुलाखतीत व्हायचं ते असं: समोरचा माणूस अर्जावरच्या फोटोकडे बघायचा, मग तेसिककडे, मग परत फोटोकडे. एका गोदामाच्या मुलाखतीत जेमतेम पस्तिशीच्या साहेबाने विचारलंच, "हा फोटो कधीचा आहे?"

"गेल्या महिन्यातला," तेसिक म्हणाला. ते खरंही होतं.

साहेबाने मग अगदी काळजीने विचारलं की तब्येत बरी असते ना तुमची. तिथून पुढे कामाचं काही बोलणंच झालं नाही.

मीरानने हे ऐकलं आणि जेवता जेवता निकाल लावला. तिने स्वतः चार वर्षांपूर्वी पापण्या उचलून घेतल्या होत्या. तीन मैत्रिणींबरोबर, एकाच दवाखान्यात, एकाच आठवड्यात. चौघी आता सख्ख्या बहिणी दिसता असं तेसिक एकदा म्हणाला होता आणि त्यानंतर आठवडाभर त्याला जेवण गार मिळालं होतं. मुलीचेही डोळे शाळेची शेवटची परीक्षा झाल्यावर करून घेतले होते. घरात मूळचा चेहरा असलेला तो एकटाच उरला होता.

"अहो, फोटोवाल्याने दोन मिनिटांत केलं ते डॉक्टर पाऊण तासात करतात," मीरान म्हणाली. "एक तर फोटो बदला नाही तर तोंड बदला. आणि खऱ्या तोंडाचा फोटो लावून काय होतंय ते तुम्हालाही माहितीये."

वाद घालायचं त्राण तेसिकमध्ये राहिलं नव्हतं. एका मोठ्या गृहसंकुलात पंप आणि बॉयलर बघायला माणूस हवा होता, चोवीस तास काम आणि चोवीस तास सुट्टी अशी पाळी. मुलाखत चुसॉकच्या, म्हणजे सुगीच्या सणानंतर बारा दिवसांनी होती. असं काम छप्पन्न वर्षांच्या माणसाला पुन्हा चालून येणार नव्हतं. सूज उतरायला दोन आठवडे लागतात, म्हणजे सणाच्या तोंडावरच कापून घ्यायला हवं होतं.

सणाच्या सुट्टीत अर्ध्या सोलला हीच अक्कल सुचते. दवाखान्यात टोप्या आणि काळे चष्मे घातलेली माणसं आपापला नंबर धरून बसली होती, सगळी त्याच्याच वयाची, सगळी खाली मान घालून. डॉक्टर तीन मिनिटं भेटले. बाकी सगळं एका बाईंनी समजावलं आणि भोपळ्याच्या रसाच्या पुड्या घ्यायला सांगितलं, त्याने सूज लवकर उतरते म्हणे.

प्रश्न गावचा होता. तेसिक एकुलता मुलगा. चुसॉकच्या सकाळी पितरांना पान त्याच्या हातून वाढलं जायचं, वडील गेल्यापासून एकदाही चुकलं नव्हतं. गाडी बिघडली म्हटलं तर आई बसने ये म्हणणार. कामाचं सांगितलं तर चावडीवर कंपनीला शिव्या घालणार, ते त्याला आणखी नको होतं. म्हणून त्याने फोन करून सांगितलं की डोळे आलेत, डॉक्टर म्हणतात घराबाहेर पडायचं नाही.

"दोनीबी?" आईने विचारलं.

"हो, दोन्ही."

"दिसतंय का?"

आणि तेसिकने खोट्याला जरा वजन यावं म्हणून म्हटलं, "थोडं अंधुक दिसतंय. होईल बरं."

आई फक्त बरं म्हणाली आणि तिने फोन ठेवला. तेसिकला वाटलं, सुटलो.

जगातली दुसरी कोणतीही सबब चालली असती. त्याच्या वडिलांचे डोळे साखरेने गेले होते. 'जरा अंधुक दिसतंय' इथूनच त्याला सुरुवात झाली आणि दोन वर्षांत त्यांना ताटातलं दिसेना. पण तेसिक त्या काळात सैन्यातली सक्तीची वर्षं काढत होता. त्याला ते सगळं पत्रातून कळलं. हाताला धरून न्हाणीत नेणं, भाताच्या वाडग्याशी बोटं नेऊन ठेवणं, ते सगळं आईने एकटीने केलं होतं. तेसिकला ते माहीत होतं, पण सबब शोधताना आठवलं नाही, आणि याबद्दल त्याने स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही.

सणाच्या दिवशी सकाळी दहाला दार वाजलं. सगळं सोल गावाकडे निघालेलं, आणि ही म्हातारी उलट्या दिशेच्या रिकाम्या बसने सोलला आलेली. पाठीवर गाठोडं होतं. मीरानने दार उघडलं आणि म्हातारी सरळ आत गेली.

तेसिक आतल्या खोलीत जमिनीवर उताणा पडला होता, डोळ्यांवर बर्फाच्या पिशव्या ठेवून. आईने त्या स्वतःच्या हाताने उचलल्या. खाली जांभळं-पिवळं सुजलेलं तोंड आणि पापण्यांच्या कडेने टाके. ती तिथेच खाली बसली. घरात आजारपण असलं की पितरांना पान वाढायचं नसतं, म्हणून तिने ते वाढलं नव्हतं. गाठोड्यातून तिने तांदळाच्या पिठाची, तिळाचं सारण भरलेली सोंगप्यॉन काढली, टाकळ्याच्या बियांची पिशवी काढली, डोळ्यांना काढा करून द्यायला, आणि टॉवेलात गुंडाळलेला नवऱ्याचा फोटो काढून तसाच बाजूला ठेवला. मग मीरानला म्हणाली, "सूनबाई, तू पानी ठेव जा." मीरान स्वयंपाकघरात गेली.

"डागतरला इचार," आई हलक्या आवाजात म्हणाली. "गेल्या साली माजा मोतीबिंदू काडलाय. नवी काच घातलीया. चांगला डोळा हाय. त्यो तुला बसतोय का इचार."

तेसिकला काही समजेना.

"मला एक पुरं हाय रं. भाजी निवडाया एक डोळा लई झाला. तुला नोकरी हाय."

तो उठून बसला. टाके ताणले गेले आणि डोळ्यांतून पाणी आलं. टाक्यांमुळे आलं असं म्हणायची सोय होती. "आई, डोळ्यांना काही झालेलं नाही," तो म्हणाला. "मला स्वच्छ दिसतंय."

"तुजा बापबी असंच म्हनायचा."

तिने तीन बोटं समोर धरली. त्याने तीन सांगितलं. मग दोन, मग चार. तरी तिचा विश्वास बसेना. तिने त्याला दंडाला धरून खिडकीशी नेलं आणि रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानाची पाटी वाचायला लावली. तेसिकने नाव वाचलं. त्याखालचा फोन नंबर वाच म्हणाली. तो एकेक आकडा वाचत गेला आणि ती आपल्या नवी काच घातलेल्या डोळ्याने एकेक आकडा पडताळत गेली. शेवटचा आकडा झाल्यावर तिने त्याचा दंड सोडला.

"मग ह्ये टाके कसले?"

तेव्हा त्याने सांगितलं. सगळंच सांगितलं, स्वेच्छानिवृत्तीच्या कागदापासून. दोन वर्षांच्या मुलाखती, जाकीट, स्टुडिओतला फोटो, मीरानचं बोलणं. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला होता, मीरानही ऐकत असावी. सांगताना त्याला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

मग आईने फोटोभोवतीचा टॉवेल सोडला. तिने नवऱ्याच्या फोटोकडे पाहिलं, डोळ्यांखाली त्या दोन पिशव्या असलेल्या. मग तेसिककडे, मग परत फोटोकडे. दोन वर्षं मुलाखत घेणारे नेमके असेच बघत आले होते, आणि तेसिकने खाली मान घातली. फोटो कधीचा, असं मात्र तिने विचारलं नाही.

"दमल्यावानी दिसत हुतास, म्हनून कापून घेतलंस," ती म्हणाली.

"हो."

"आन दमला न्हवतास?"

"नाही गं," तो सवयीने म्हणाला. "चेहराच तसा होता."

तिने सोंगप्यॉन ताटलीत काढली आणि तिघांनी बसून खाल्ली. दोन दिवस राहिली, वेळच्या वेळी बर्फ बदलत होती, भोपळ्याच्या रसाला नावं ठेवून टाकळ्याचा काढा पाजत होती. जाताना मीरानला म्हणाली की चावडीवर मी काय सांगायचं ते माझं मी बघेन. कंपनीच्या जाकिटाचं विचारलं, आणि शेतात घालायला म्हणून ते घेऊन गेली.

मुलाखत घ्यायला तिघे होते. मधे बसलेल्या रहिवासी मंडळाच्या अध्यक्षांनी अर्जावरच्या फोटोकडे पाहिलं, तेसिककडे पाहिलं, आणि पान उलटलं. एवढ्यासाठी सगळा खटाटोप होता. मग त्यांनी पंपांविषयी विचारलं, बॉयलरविषयी विचारलं, आणि सत्तावीस वर्षं जे येत होतं ते तेसिकने सांगितलं. निघताना अध्यक्ष म्हणाले की या वयात तुम्ही भलतेच ताजेतवाने दिसता, चोवीस तासांची पाळी तुम्हाला सहज झेपेल. सोमवारपासून यायला सांगितलं.

बसथांब्यावरून त्याने आधी मीरानला कळवलं. ती शाळेतच होती, मागे भांड्यांचा आवाज होता, आणि ती हसताहसता रडली. मग त्याने येचॉनला फोन लावला. आईने नोकरीचं विचारलंच नाही. आधी विचारलं की नीट दिसतंय नव्हं. दिसतंय, तो म्हणाला. मग त्याने नोकरीचं सांगितलं. ती बरं झालं म्हणाली. चोवीस तास म्हणजे जेवायचं काय, तेही तिने विचारलं.

मग जरा थांबून म्हणाली, "दमलास का रं?"

उत्तर तयारच होतं, अकरा वर्षांचं, जिभेवर आलंही. पण फोनवर तिला चेहरा दिसत नव्हता. बस आली, थांबली, माणसं चढली, आणि त्याला न घेता निघून गेली.

"हां, आई," तो म्हणाला. "लई दमलोय."