ज्याच्याकडे संडास, तोच गिऱ्हाईक

शिलाईच्या दोऱ्याची रिळं विकत बारा गावं पालथी घालणाऱ्या ताईंचा धंद्याचा नियम एकच होता: ज्याच्याकडे संडास, तोच गिऱ्हाईक. दुकान केवढं, खप किती, हे प्रश्न ज्यांना कुठल्याही भिंतीकडे तोंड करून उभं राहता येतं त्यांनी विचारावेत.

वीस वर्षांत ही विद्या त्यांच्या अंगात मुरली होती. कुणाच्या दाराला कडी लागत नाही, बटणवाल्या काकांचा नळ बारानंतर कसा कोरडा पडतो, सगळं तोंडपाठ. शब्दही माणूस पाहून वापरायच्या. शोरूममध्ये ‘वॉशरूम’, कारखान्यात सरळ ‘संडास’, म्हाताऱ्या दुकानदारापुढे नुसतं ‘जरा जाऊन येते’. ‘प्रसाधनगृह’ अशी पाटी दिसली की समजायचं, दाराला कुलूप आहे आणि किल्लीवाला जेवायला गेलाय.

कंपनीत नवे साहेब आले. त्यांनी फक्त मोठी दुकानं धरून नवा रूट आखला आणि कागदावर छापला.

“सोमवारपासून हाच. जमत नसेल तर दुसरं माणूस बघू.”

त्या यादीत बाहेरच्या माणसाला संडास वापरू देणारं एकही दुकान नव्हतं. पाण्याचा घोट न घेता दिवस काढणं त्यांनी तरुणपणी भोगलं होतं. मूतखड्यानं त्यांना फरशीवर गडाबडा लोळवलं होतं. पण हे साहेबांना सांगणार कुठल्या तोंडानं?

“एक दिवस सोबत चला,” एवढंच त्या म्हणाल्या.

साहेब कागदाची घडी खिशात घालून आले. दुकानागणिक चहा, मधे गाडीवरचं तळलेलं. चौथ्या दुकानात ते बोलताबोलता गप्प झाले. कपाळावर घाम.

“इथे वॉशरूम...?”

“स्टाफपुरतंच आहे,” मालक म्हणाला.

बाहेर भिंती पुष्कळ होत्या, पण काम भिंतीचं नव्हतं.

“ताई, जवळपास कुठे?”

“दोन गल्ल्या पलीकडे. बोलू नका, चाला.”

बटणवाल्या काकांचं दुकान म्हणजे कपाटाला दार लावल्यासारखं. साहेबांनी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाल्या, “काका, पाहुण्यांना घाईची लागलीय.” किल्ली लगेच हातात आली.

साडेबारा वाजले होते. नळाचं सांगायचं राहून गेलं. ताई आजही शपथेवर सांगतात, राहूनच गेलं.

बऱ्याच वेळानं साहेब बाहेर आले. खिशातला कागद खिशात नव्हता.

“जुनाच रूट बरा आहे,” ते जमिनीकडे बघत म्हणाले.

ताईंनी पिशवीतून पाण्याची भरलेली बाटली काढली आणि तिथेच उभ्या उभ्या तळापर्यंत पिऊन टाकली.