बाबा तिसऱ्या शीलावरच अडकले

मित्रांनो, आज लाखांदूरला मामेबहिणीचं लग्न होतं. वांग्याची भाजी जबरदस्त होती, पण ते जाऊ द्या.

लग्नातली बुद्धवंदना नेहमीसारखी माझे बाबाच घेत होते. ते म्हणतात, मागून सगळे म्हणतात. पंचशीलात तिसरं शील झालं आन् बाबांनी परत तिसरंच म्हटलं. लोकांनीही म्हटलं. मग पुन्हा तिसरंच. पोरं हसायला लागली. शेवटी मीच चौथं सुरू केलं.

कोरोनातून उठल्यापासून बाबांचं असंच होऊन राहिलं.

बसमध्ये म्हणाले, "आता लग्नात तूच घेत जा बापा. मले भेव वाटते."

"मी गावात राहतो कुठं, बाबा?"

"ते बरोबर आठवते मले."

तुमच्या घरी कोणाचं असं झालं काय? कोणत्या डॉक्टरले दाखवलं? सांगा यार, थकलो. सध्या गावी बाबांजवळच आहो.