हेल्मेट घातलेल्या मावशी

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे लिहिण्याचं हे धाडस माफ करा. पण पिंपळे गुरवच्या त्या मावशींविषयी सांगावंसं वाटतं. नाव मी कधी विचारलं नाही.

रोज कॉलेजला जाताना त्या घराच्या पायरीवर भर उन्हात हेल्मेट घालून बसलेल्या दिसायच्या. समोर बांधलेला त्यांचा कुत्रा भुंकायचा. तो गप्प झाला की त्या भाकरीचा तुकडा टाकायच्या आणि काच वर करून त्याला तोंड दाखवायच्या. गल्लीतली मुलं ओरडायची, "मावशी, गाडी कुठंय?"

एकदा मी भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, "हेल्मेटवाला दिसला की कुत्रं अंगावर जातंय. पोरगा म्हनतो, चाकणला कुनाच्या शेतावर देऊन टाकतो. आरं, मानसाचं तोंड दिसत न्हाई म्हनून भितंय ते. भित्र्याला घरातनं काढायचं व्हय?"

मावशींना ते जमेल असं मला वाटलं नव्हतं. पुढे माझा रस्ताही बदलला.

परवा पार्सल पोचवणारा मित्र सांगत आला, "त्या मावशींकडं हेल्मेट घालूनच आत गेलो राव, कुत्रा शेपूट हलवत आला!" आणि मावशींनी त्याला अभिमानानं सांगितलं होतं, की कुत्रा न्यायला चाकणहून आलेल्या माणसाला पोरानंच चहा पाजून रिकामं परत पाठवलं.